केजीएफला जाताय? मग एवढं ऐका

भाचरांनो,

दिवाळी आटोपली की बेंगळुरूला येताय आणि त्यातले दोन दिवस कोलार गोल्ड फील्ड्ससाठी राखून ठेवलेत, हे दादाने फोनवर सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. इकडे येणारी आपली माणसं म्हैसूर, उटी, कूर्ग करून परततात. इथून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या केजीएफचं नाव सिनेमामुळे सगळ्यांच्या तोंडी आहे, पण पाय काही तिकडे वळत नाहीत. मी या मुलखात आयुष्य काढलं. तुमच्या आतोबांच्या कामानिमित्ताने त्या गावातल्या घरांत माझी उठबस झाली. तेव्हा चार गोष्टी हक्काने सांगते, त्या नीट ऐका.

पहिली आणि मुख्य गोष्ट अशी, की तिथे खाण बघायला म्हणून जाऊ नका. खाणीत राबलेल्या माणसांचं गाव बघायला जा. खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. आतले बोगदे पाण्याने भरलेत आणि खाली कोणालाही नेत नाहीत. सिनेमातलं सोनं शोधत आलेली पोरं मातीच्या ढिगावर फोटो काढतात आणि तासाभरात कंटाळून निघून जातात. त्यांना काही दिसत नाही, कारण दिसण्याजोगं जे आहे ते घरांत, गल्ल्यांत, चर्चच्या आवारात, चहाच्या टपरीवर आणि म्हाताऱ्या खाणकामगारांच्या बोलण्यात आहे.

थोडा इतिहास आधी वाचून जा

तिथे पाट्या फारशा नाहीत, गाइडही नाहीत. त्यामुळे घरूनच थोडी तयारी करून निघा.

या मातीत सोनं आहे हे इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. १८०२ मध्ये जॉन वॉरन नावाचा इंग्रजांच्या सैन्यातला लेफ्टनंट म्हैसूर राज्याच्या हद्दीची मोजणी करत इकडे आला. लोक माती धुऊन सोन्याचे कण काढतात असं त्याच्या कानावर आलं. त्याने बक्षीस लावलं, तेव्हा गावकऱ्यांनी माती आणून त्याच्यासमोर धुऊन दाखवली. पुढे मायकेल लव्हेल हा आयरिश शिपाई न्यूझीलंडमधल्या लढाया आटोपून बेंगळुरूत येऊन राहिला. वॉरनचं टिपण त्याच्या वाचनात आलं आणि १८७० च्या दशकात त्याने म्हैसूर सरकारकडून खाणकामाचा परवाना मिळवला. तुम्ही बेंगळुरूत ज्या लव्हेल रोडवर जेवायला जाता, तो त्याच्याच नावाचा. मोठं भांडवल आणि यंत्रं मात्र लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स कंपनीने आणली, १८८० पासून पुढे.

मग म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाम, नंदीदुर्ग अशा खाणी एका ओळीत उभ्या राहिल्या. चॅम्पियन रीफची खाण तर तीन किलोमीटरहून खोल गेली. जगातल्या सगळ्यांत खोल खाणींमध्ये तिची गणना व्हायची. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्यापासून खाणींपर्यंत सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारा टाकून वीज आणली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये, म्हणजे खाणीनंतर. सोन्याला राजधानीच्या आधी वीज मिळाली, हे लक्षात ठेवा. त्या काळात कशाला किती महत्त्व होतं ते यावरून कळतं.

सव्वाशे वर्षांत इथून सुमारे ८०० टन सोनं निघालं. सुरुवातीच्या काळात टनभर दगडामागे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम मिळायचं, शेवटी शेवटी तीन-चार ग्रॅमवर आलं. सूनबाई, तुझ्या करंगळीतली अंगठी तेवढ्याच वजनाची असेल. तिच्यासाठी टनभर दगड इतक्या खोलातून फोडून वर आणायचा, दळायचा, रसायनांत मुरवायचा. १९५६ मध्ये खाणी राज्य सरकारने घेतल्या, मग त्या केंद्राकडे गेल्या, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली, पण खर्चाचा मेळ काही बसेना. हे गणित डोक्यात असलं म्हणजे तिथे उभं राहिल्यावर प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागतो.

पहिल्या दिवशी आगगाडीने जा

गाडी करून दारात उतरण्याचा मोह आवरा. बेंगळुरूहून बंगारपेटमार्गे मारिकुप्पमला लोकल गाड्या जातात. बंगारपेट जंक्शनला फाटा फुटतो आणि तिथून १८९४ च्या सुमाराचा तो जुना खाणमार्ग सुरू होतो. कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन अशी छोटी छोटी स्टेशनं घेत गाडी मारिकुप्पमला थांबते, पुढे रूळच नाहीत. शेवटपर्यंत बसून राहा. खाणींची सगळी रांग खिडकीतून दिसते. मग रिक्षा करून मागे या.

सकाळच्या गाडीने निघालात तर तुम्हाला जागा मिळेल, कारण गर्दी समोरून येत असते. खाण बंद झाल्यावर केजीएफची हजारो माणसं नोकरीसाठी बेंगळुरूला ये-जा करू लागली. पहाटे अंधारात निघायचं आणि रात्री परतायचं, हा त्यांचा रोजचा रिवाज. संध्याकाळी तुम्ही परताल तेव्हा समोरच्या गाडीतून ती माणसं घरी जाताना दिसतील. दादाच्या नातवाला ते दाखवा. खाण बंद पडल्यावर गावाचं काय होतं, या प्रश्नाचं खरं उत्तर त्या गाडीत बसलेलं असतं.

वेळापत्रक निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघून घ्या, रविवारी गाड्यांमध्ये फरक असतो. रात्रीचा मुक्काम कोलार शहरात करणार असाल तर बेंगळुरूला परतण्याची घाई नको. दुसऱ्या दिवशीची देवळं आणि डोंगर तिथून सोयीचे पडतात. त्या दिवशी मात्र गाडी ठरवा.

आधी लाइनीत जा, बंगल्यांकडे नंतर

केजीएफला लोक लिटल इंग्लंड म्हणायचे. उंचावरची मोकळी हवा, गोऱ्या साहेबांचे मोठ्या अंगणाचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान, इस्पितळ, चर्च, सगळं होतं आणि त्यातलं बरंच अजून उभं आहे. ते देखणं आहे, जरूर बघा. पण सुरुवात तिथून करू नका. आधी कामगारांच्या वस्त्यांमध्ये जा. त्यांना तिथे लाइन म्हणतात. एकाला एक लागून खोल्यांच्या रांगा, पुढे अरुंद गल्ली, दारात रांगोळी. एका खोलीत दोन-दोन पिढ्या वाढल्या. लाइनमधून निघून मग बंगल्याच्या फाटकापाशी उभं राहिलात की सोन्याचा हिशेब कोणाच्या वाट्याला कसा आला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे लोक आले कुठून? बहुतेक तमिळ मुलखातून, उत्तर अर्काट, सेलम, धर्मपुरीकडून. काही तेलुगू भागातून. त्यांत दलित कुटुंबं फार मोठ्या संख्येने होती. साहेबांमध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातले कसलेले खाणवाले होते, मधल्या जागांवर अँग्लो-इंडियन. म्हणून कर्नाटकात असूनही गावात तमिळ जास्त ऐकू येईल. कानडीची दोन वाक्यं पाठ केली असतील तर करा, पण "वणक्कम" म्हणालात तर दार लवकर उघडेल.

आपल्यासाठी आणखी एक मोलाची गोष्ट. तमिळ विचारवंत पंडित अयोतीदास यांच्या प्रेरणेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इथल्या कामगारांत बौद्ध धम्माची चळवळ रुजली होती. नागपूरला १९५६ मध्ये जे घडलं त्याच्या कितीतरी आधी मारिकुप्पमच्या खाणकामगारांनी बुद्धाची वाट धरली होती. गावात बाबासाहेबांची तसबीर असलेली घरं दिसतील. तिथे "आम्ही महाराष्ट्रातून आलो" एवढं सांगा. पुढचं बोलणं आपोआप होईल.

आणि ही माणसं मान खाली घालून जगली असं समजू नका. १९३० मध्ये कंपनीने कामगारांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करायचं ठरवलं तेव्हा सगळ्या खाणी संपाने थंड पडल्या. आमच्याकडे चोर म्हणून बघू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्या पांढुरक्या डोंगरांवर चढू नका

हे मी विनंती म्हणून सांगत नाही, आत्या म्हणून बजावते. गावाभोवती सपाट माथ्याचे जे फिकट डोंगर दिसतात ते डोंगर नव्हेत. सोनं काढून उरलेल्या दगडाची ती भुकटी आहे. सोनं सुटं करायला सायनाइड वापरायचे, म्हणून लोक त्यांना सायनाइडचे ढीग म्हणतात. सिनेमाचं चित्रीकरण झाल्यापासून तिथे फोटोसाठी झुंबड उडते. त्या मातीत रसायनांचे अंश आहेत आणि ती पिठासारखी बारीक आहे. वारा सुटला की ती वस्त्यांवर जाऊन बसते, भांड्यात, पाण्यात, छातीत. लोक वर्षानुवर्षं त्याची तक्रार करत आलेत. ज्या धुळीने इथली माणसं त्रासली आहेत तिच्यावर उभं राहून आपण हसत फोटो काढायचा, हे मला पटत नाही. लांबून, रस्त्यावरून बघा. वारा असेल तर तोंडाला रुमाल बांधा. नातवाला त्या मातीत खेळू देऊ नका. दादाला दम्याचा त्रास आहे, त्याने तर गाडीतून उतरूच नये.

तीच गोष्ट बंद शाफ्टची. लोखंडी मनोरे, त्यावरची मोठी चाकं, गंजलेली यंत्रघरं बाहेरून बघा. ती सरकारी जागा आहे, आत शिरू नका. कोणी "मी आत नेतो, पैसे द्या" म्हणाला तरी नाही म्हणा. जुन्या खाणीच्या परिसरात जमीन कुठे पोकळ आहे हे वरून कळत नाही.

म्हाताऱ्यांना काय विचारायचं

संध्याकाळी चहाच्या टपरीवर निवृत्त कामगार बसलेले असतात. नमस्कार करा, चहा सांगा, मग बोला. "सोनं किती चोरलं जायचं?" असला प्रश्न चुकूनही विचारू नका. सगळे पाहुणे तेच विचारतात आणि त्यांना ते लागतं. त्यांना कामाचं विचारा. कामाबद्दल विचारलं की माणूस खुलतो.

विचारा, की छत धोक्याचं आहे हे कसं ओळखायचात? मग तो हातात नसलेली पहार उचलून दाखवेल. पाळी सुरू झाली की आधी पहारीने डोक्यावरचा दगड ठोकायचा. खणखणीत आवाज आला तर दगड धरून आहे. बद्द आवाज आला तर आतून सुटलाय, आधी तो पाडायचा, मगच खाली उभं राहायचं. कान हेच तिथलं पहिलं हत्यार. विचारा, की खाली उकाडा किती असायचा? सगळ्यांत खोल पातळीवर दगडच साठ अंशांच्या वर तापलेला असायचा, म्हणून वरून गार केलेली हवा सोडावी लागायची. विचारा, की दगडफूट झाली की काय व्हायचं? इतक्या खोलात दगडावर इतका दाब असतो की तो अचानक फुटतो. तो हादरा वरच्या घरांतली भांडी वाजवायचा आणि बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. कोणत्या पाळीत झालं, कोण खाली आहे, हे कळेपर्यंत.

हे ऐकताना फोन खिशात ठेवा. विचारल्याशिवाय आवाज टिपू नका, फोटो घेऊ नका. पुष्कळांना दगडाच्या धुळीने छातीचा विकार जडलाय, बोलताना दम लागतो. तेव्हा घाई करू नका आणि फार वेळ बसवूनही ठेवू नका. पैसे पुढे करू नका, अपमान वाटतो. सगळ्यांच्या चहाचं बिल भरलंत तर चालतं.

नातवासाठी एक खास गोष्ट

त्याला भौतिकशास्त्र आवडतं ना? मग त्याला हे सांगा. अवकाशातून येणारे किरण पृथ्वीच्या वातावरणावर आदळतात तेव्हा न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण तयार होतात. ते कशालाही अडत नाहीत, म्हणून सापडत नाहीत. ते पकडायचे तर बाकी सगळ्या कणांचा गोंगाट गाळून टाकणारं जाड छप्पर हवं. असं छप्पर भारतात कुठे होतं? केजीएफच्या खाणीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर दोन किलोमीटरहून खोल जागी उपकरणं मांडली. १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक तिथे झाली. दुसरी त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत झाली. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन ही त्यातली मोठी नावं. लिफ्टच्या ज्या पिंजऱ्यातून कामगार खाली जायचे त्याच पिंजऱ्यातून शास्त्रज्ञ जायचे. चॅम्पियन रीफच्या मनोऱ्याकडे बघताना हे सांगितलंत तर पोराला ते ठिकाण जन्मभर लक्षात राहील.

खाताना घाई नको

बंगारपेटला उतरून पाणीपुरी खाल्ल्याशिवाय पुढे गेलात तर मी रागवेन. आपल्याकडचं हिरवं-तपकिरी पाणी विसरा. इथलं पाणी साध्या पाण्यासारखं नितळ असतं. ग्लासात बघितलं तर कोणी म्हणेल यात काय चव असणार? पहिली पुरी तोंडात गेली की मिरचीचा ठसका थेट नाकात येतो. लहानांना आधी अर्धी द्या. संध्याकाळची वेळ उत्तम, तेव्हा गाड्यांवर माल ताजा आणि खप भरपूर असतो.

दुसऱ्या दिवशी मुळबागलला पोचलात की डोसा खा. हा डोसा आपल्या उडुप्याकडच्यासारखा पातळ आणि भलामोठा नसतो. आकाराने लहान, जाडसर, बाहेरून तुपात खरपूस आणि आत लुसलुशीत. आत लाल तिखट चटणी फासलेली आणि बटाट्याची भाजी. प्रत्येकी एक मागवून थांबू नका, पण एकदम चारही मागवू नका. तव्यावरून उतरल्यापासून दोन मिनिटांत त्याची मजा ओसरते. एक संपला की दुसरा सांगा.

जेवायला साध्या खानावळीत रागी मुद्दे मागा. नाचणीचा तो गरम गोळा चावायचा नसतो, बोटांनी तुकडा तोडायचा, साराच्या वाटीत बुडवायचा आणि गिळायचा. खाणीत पाळी करणाऱ्याला दिवसभर पुरेल असं अन्न आहे ते. डिसेंबर-जानेवारीत आलात तर अवरेकाई मिळेल, आपल्या वाल-पावट्याच्या घरातली शेंग. दाणे भिजवून, चिमटीत दाबून एकेकाचं साल काढतात आणि मग त्यांचं सार करतात. या मेहनतीला दाद द्या. नोव्हेंबरात नशीब असेल तर हंगामाच्या पहिल्या शेंगा बाजारात दिसतील.

केजीएफमध्ये अँग्लो-इंडियन घरांची चवही वेगळी. खिम्याच्या गोळ्यांची बॉल करी, नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि आपल्या साराशी नातं सांगणारं पेपर वॉटर. हे हॉटेलात सहसा मिळत नाही. कोणी घरी बोलावलं तर नाही म्हणू नका. जाताना रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका, आपला चिवडा-लाडू बरोबर असू द्या.

आणि हो, कोलारचा टोमॅटो बाजार पहाटे बघून या. देशातल्या मोठ्या टोमॅटो बाजारांपैकी तो एक आहे. आपल्या पिंपळगाव बसवंतचा भाव ठरतो तेव्हा कोलारच्या भावावर नजर असते आणि कोलारची पिंपळगाववर. सोनं संपलं, पण या मातीत अजून किती पिकतं ते तिथे दिसेल.

देवळं आणि डोंगर

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलारमध्येच कोलारम्माचं देऊळ गाठा. ते अकराव्या शतकातल्या चोळांच्या काळातलं आहे, दगडावर शिलालेख आहेत. आवारात विंचवाच्या रूपातली चेळम्मा देवी आहे. तिच्या दर्शनाने विंचूदंशाची भीती राहत नाही अशी श्रद्धा आहे. जवळच सोमेश्वराचं देऊळ, विजयनगर काळातलं. तिथल्या कल्याणमंडपाच्या खांबांना पुरेसा वेळ द्या.

कोलारच्या रस्त्यावरून चालताना एक गोष्ट मनात असू द्या. विजापूरच्या आदिलशाहीने १६३८ मध्ये हा मुलूख जिंकल्यावर शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली, तीत कोलारही होतं. त्यांचे थोरले पुत्र संभाजीराजे यांचं नाव या भागाच्या कारभाराशी जोडलेलं आहे. पुढे याच जिल्ह्यातल्या बूदिकोटेत हैदर अलीचा जन्म झाला, त्याच्या वडिलांची कबर कोलारमध्ये आहे. आपला इतिहास सह्याद्रीपाशी संपत नाही, हे मुलांना इथे दाखवता येतं.

अंतरगंगेचा डोंगर शहराला लागूनच आहे. वर काशी विश्वेश्वराचं देऊळ आणि दगडी नंदीच्या तोंडातून बारमाही पडणारं पाणी. तिथवर पायऱ्या आहेत. दादाचे गुडघे बघता त्याने सकाळी उन्हाच्या आधी, थांबत थांबत चढावं. त्याच्या पुढे मोठमोठ्या शिळांमधून गुहांची वाट आहे, ती फक्त तरुणांनी करावी, वाट माहीत असलेला माणूस बरोबर घेऊन. बूट चांगले हवेत, हात मोकळे हवेत, विजेरी हवी. माकडं पिशव्या ओढतात, तेव्हा खाण्याची पिशवी हातात नाचवू नका.

एक गुहा मात्र मुद्दाम टाळा. कोलारजवळ हनुमानहळ्ळीला वटवाघळांची एक जात राहते, कोलारच्याच नावाने ओळखली जाणारी. जगात ती फक्त तिथेच उरली आहे आणि नाहीशी होण्याच्या बेतात आहे. कोणी दाखवतो म्हणाला तरी जाऊ नका. विजेरीचा उजेड आणि माणसांचा आवाज त्यांना सोसत नाही.

चढणं जमणार नसेल तर मुळबागलच्या वाटेवर आवनीला जा. नोळंब राजांच्या काळातल्या रामलिंगेश्वराच्या देवळांचा तो समूह आहे. मागच्या डोंगराला लोक वाल्मीकींचा आश्रम मानतात, लव-कुशांचा जन्म तिथला सांगतात. गर्दी नाही, गोंगाट नाही. मुळबागलपासून थोड्या अंतरावर कुरुडुमलेला एकाच शिळेतला उंच गणपती आहे. वहिनीला तो फार आवडेल. केजीएफजवळ कम्मसंद्रला कोटिलिंगेश्वर आहे, १०८ फुटांचं शिवलिंग आणि भोवती असंख्य छोटी लिंगं. ते नव्या काळातलं देऊळ, सुट्टीच्या दिवशी खूप गर्दी असते. वेळ उरला तर बघा, त्यासाठी आवनी टाळू नका.

निघण्याआधी

नोव्हेंबरात तमिळनाडूकडचा पाऊस इथेही हजेरी लावतो, तेव्हा छत्री आणि दादासाठी एक स्वेटर घ्या. पाणी घरून भरून न्या. सुटे पैसे ठेवा, टपरीवर ते सोपं पडतं. देवळांसाठी पायातलं झटकन काढता येईल असं हवं.

आणि खर्च गावातच करा. रिक्षा तिथल्या माणसाची, जेवण तिथल्या खानावळीत, नातवाला वही-पेन्सिल लागली तर तीही केजीएफमधल्याच रॉबर्टसनपेटच्या बाजारातून. या गावाने सव्वाशे वर्षं सोनं बाहेर पाठवलं आणि स्वतःकडे फार थोडं ठेवलं. तुम्ही तिथे जाऊन नुसतं बघून येऊ नका. ज्यांच्याशी बोलाल त्यांची नावं लिहून ठेवा आणि घरी गेल्यावर त्यांचे फोटो छापून टपालाने पाठवा. फोटो काढणारे पुष्कळ येतात, पाठवणारे फारसे नाहीत. एवढं केलंत तर पुढच्या नाताळात तिथल्या एखाद्या घरून तुम्हाला बोलावणं येईल, आणि तेव्हा अवरेकाईचा हंगामही असेल. तारखा आत्ताच मोकळ्या ठेवा.

तुमची,
आत्या